जंगल कोणाचे, निर्णय कोणाचा : आदिवासी जीवनाची घडी आणि तिच्यावरचे ताण

भारतातील आदिवासींविषयी बोलताना सर्वांत आधी एक गैरसमज दूर करावा लागतो, तो म्हणजे आदिवासी हा एकच एक समाज आहे हा. २०११ च्या जनगणनेनुसार देशात अनुसूचित जमातींची लोकसंख्या १० कोटी ४३ लाखांच्या आसपास होती, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के. या लोकसंख्येत सातशेहून अधिक जमाती आहेत. मिझोराममध्ये दर शंभरांत चौऱ्याण्णव माणसे आदिवासी आहेत, तर त्याच जनगणनेच्या वेळी पंजाब आणि हरियाणात एकही जमात अनुसूचित नव्हती. महाराष्ट्रात ही संख्या १ कोटी ५ लाख आहे. नंदुरबार जिल्ह्यात दहापैकी जवळजवळ सात माणसे आदिवासी आहेत, गडचिरोलीत दहापैकी चार.

एकट्या महाराष्ट्राकडे पाहिले तरी ही विविधता थक्क करणारी आहे. सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा यांच्या बोली गुजराती-मराठीच्या कुळातील आहेत, गडचिरोलीतील माडिया आणि यवतमाळ-किनवट भागातील कोलाम यांच्या भाषा तेलुगू-कन्नडच्या द्राविडी कुळातील आहेत, आणि मेळघाटातील कोरकूंची भाषा या दोन्हींपेक्षा निराळी, झारखंडच्या मुंडा-संथाळांशी नाते सांगणारी आहे. बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोदच्या परिसरात बोलली जाणारी निहाली तर कोणत्याच ज्ञात भाषाकुळात बसत नाही. त्यामुळे ‘आदिवासी असे करतात’ किंवा ‘आदिवासी असे मानतात’ अशी सरसकट विधाने बहुधा चुकीची ठरतात. या लेखातही शक्य तिथे जमातीचे आणि प्रदेशाचे नाव घेऊनच बोलले आहे.

कायद्याच्या दृष्टीने आदिवासी कोण, हे राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४२ खाली राष्ट्रपतींनी काढलेल्या याद्यांवरून ठरते. या याद्यांत कोणाचा समावेश करावा, यासाठी १९६५ मध्ये लोकूर समितीने पाच निकष सुचवले : आदिम लक्षणे, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगता, बाहेरच्यांशी संपर्क टाळण्याची वृत्ती आणि मागासलेपण. हे निकष आजही वापरात आहेत. ते वाचताना जाणवते की त्यांतील बहुतेक गोष्टी बाहेरून पाहणाऱ्याला काय दिसते त्या आहेत. समाज स्वतःकडे कसा पाहतो, त्याचे जमिनीशी आणि जंगलाशी काय नाते आहे, याचा त्यांत उल्लेख नाही. माझ्या मते आदिवासी जीवन समजून घेण्याची सुरुवात नेमकी त्या नात्यापासून व्हायला हवी, कारण आज ज्यांना आपण आदिवासींचे प्रश्न म्हणतो ते जवळजवळ सगळे ते नाते तुटण्यातून किंवा तोडले जाण्यातून निर्माण झाले आहेत.

पारंपरिक आदिवासी अर्थव्यवस्था एका पिकावर किंवा एका व्यवसायावर कधीच उभी नव्हती. पालघरच्या वारली कुटुंबाचे वर्ष पाहिले तर उन्हाळ्यात झाडांच्या फांद्या आणि पालापाचोळा जमिनीवर पसरून दाढ भाजायची, पावसाच्या सुरुवातीला तिथे नागली, वरई किंवा भाताचे रोप तयार करायचे, पावसाळ्यात रानभाज्या, कंद, खेकडे आणि ओढ्यातील मासे यांवर घर चालवायचे, पीक घरात आले की तारपा वाजवायचा, आणि पुढे लग्नसराईत घराच्या गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे चौकटीतले विधीचे चित्र, लिहायचा. हा चौक सुवासिनी लिहितात आणि लग्न धवलेरी लावते, म्हणजे लग्नविधीचे पौरोहित्य स्त्रीकडे असते. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मात्र मूळ चौक हा सजावटीचा भाग नसून विधीचा भाग आहे. पालघाट देवीचा चौक लिहिल्याशिवाय लग्न पूर्ण होत नाही.

विदर्भातील गोंड आणि माडिया गावांत उन्हाळ्याचे दोन महिने मोहफूल आणि तेंदूपान यांचे असतात. मोहाची फुले पहाटे गळतात. त्यासाठी झाडाखालची जमीन आधीच साफ करून ठेवलेली असते आणि लहानमोठे सगळे भल्या सकाळी टोपल्या घेऊन वेचायला जातात. वाळवलेले मोहफूल वर्षभर टिकते. ते खाल्ले जाते, त्याची दारू होते, ते देवाला वाहिले जाते आणि बाजारात विकलेही जाते. बियांपासून तेल निघते. ज्या वर्षी शेत दगा देते त्या वर्षी मोह, चारोळी, डिंक, कंद आणि बांबू हे कुटुंबाला तारून नेतात. शेती, गोळा करणे, मासेमारी, थोडी शिकार आणि थोडी मजुरी अशा अनेक आधारांवर उभे असलेले हे जीवन गरीब असेल, पण त्यातील एक आधार कोसळला म्हणून सगळे घर कोसळत नसे.

या व्यवस्थेत संयमाचे नियम होते, आणि ते धर्माच्या रूपात सांभाळले जात. कवळी भाजीचा सण होण्याआधी नव्या पावसाच्या रानभाज्या खायच्या नाहीत, हा पालघर भागातील प्रघात आहे. गोंडांमध्ये मरका पंडुम हा सण झाल्याशिवाय त्या वर्षीचा आंबा खात नाहीत. परिणाम पाहिला तर पाने वाढायला आणि फळे पिकायला वेळ मिळतो, आणि एकाने आधी ओरबाडून घेण्याची शक्यता कमी होते. वाघदेवाचे ठाणे, गावाबाहेरची राखलेली देवराई, कुळाने न खायचा प्राणी किंवा न तोडायचे झाड या सगळ्यांतून जंगलाचा काही भाग कायम शिल्लक राहत असे. हे नियम लिहिलेले नव्हते, परंतु ते मोडणाऱ्याला गावापुढे उत्तर द्यावे लागे.

निर्णयही गाव मिळून घेई. गोंडांमध्ये चार, पाच, सहा किंवा सात देव मानणारी कुळे असतात. समान संख्येचे देव मानणाऱ्यांत भाऊबंदकी असते आणि त्यांच्यात विवाह होत नाहीत. माडियांच्या गोटुलमध्ये तरुण मुलेमुली गाणी, नाच, श्रम आणि सामाजिक वर्तन एकमेकांकडून शिकत. बाहेरच्या लेखकांनी गोटुलचे वर्णन बहुतेक वेळा केवळ लैंगिक कुतूहलातून केले, आणि त्यामुळे एका शिक्षणसंस्थेची अकारण बदनामी झाली. सातपुड्यात एखाद्याच्या शेतात किंवा घरबांधणीत सगळे पाड्यातले लोक हात लावतात आणि तो त्यांना एक जेवण देतो. पुढे दुसऱ्याच्या कामाला तोही जातो. या पद्धतीला तिथे लाहा म्हणतात. मजुरी न देता मोठे काम उभे करण्याचा हा मार्ग आहे आणि तो अजूनही काही ठिकाणी टिकून आहे.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पारंपरिक जीवनाचे गोडवे गाताना त्यातील अन्याय झाकले जाऊ नयेत. बहुतेक आदिवासी समाजांत हुंड्याऐवजी देज असते, म्हणजे वराकडून वधूच्या घरी काही दिले जाते. घटस्फोट आणि पुनर्विवाह यांना प्रतिष्ठित समजल्या जाणाऱ्या समाजांइतका विरोध नसतो, आणि स्त्री घराबाहेर मोकळेपणाने वावरते. परंतु जमिनीचा वारसा मात्र बहुतेक ठिकाणी मुलांकडेच गेला. हिंदू उत्तराधिकार कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नसल्यामुळे आदिवासी स्त्रीला त्या कायद्याचाही आधार नव्हता. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात, केवळ स्त्री म्हणून वाटा नाकारणे हे समतेच्या हक्काशी विसंगत आहे, असे स्पष्ट केले. सातपुड्यात डाकीण ठरवून स्त्रियांचा छळ केल्याच्या घटना आजही घडतात, आणि अनेकदा त्यामागे जमिनीचा वाद असतो. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा अशा प्रकरणांत लागू होतो, पण पाड्यापासून पोलीस ठाणे दूर आणि पीडित स्त्री एकटी असते तिथे कायदा उशिरा पोहोचतो.

आता या जीवनाची घडी कशी विस्कटली ते पाहू. ब्रिटिश सरकारने १८६५ मध्ये आणि त्यानंतर अधिक कठोरपणे १८७८ मध्ये वनकायदे केले. रेल्वेचे स्लीपर, जहाजबांधणी आणि महसूल यांसाठी सागवानासारखे लाकूड हवे होते, म्हणून विस्तीर्ण जंगले राखीव घोषित झाली. १९२७ चा भारतीय वन कायदा हा त्याच परंपरेतला आहे आणि तो अजूनही चालू आहे. जे गाव पिढ्यान्पिढ्या लाकूडफाटा आणत होते, गुरे चारत होते आणि फिरती शेती करत होते, ते एका अधिसूचनेने अतिक्रमणदार ठरले. १८९२ मध्ये मुंबई इलाख्याच्या सरकारने ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत मोहफूल गोळा करण्यावर बंधने घालणारा कायदा केला, कारण घरी गाळलेल्या मोहाच्या दारूमुळे सरकारच्या मद्यमहसुलाला धक्का लागत होता. अन्न म्हणून खाल्ल्या जाणाऱ्या फुलावर महसुलासाठी निर्बंध आणण्याचा तो निर्णय पाहिला की सत्तेचा दृष्टिकोन वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

जंगल गेले आणि त्याच काळात जमीनही जाऊ लागली. रोख सारा भरण्याची सक्ती आली, रोख पैसा सावकाराकडेच होता, आणि लेखी कागद वाचता न येणाऱ्या माणसाची जमीन कर्जाच्या बदल्यात सावकाराच्या नावावर चढली. ठाणे जिल्ह्यात वारली कुळांकडून जमीनदार विनामोबदला वेठबेगार करून घेत. लग्नासाठी कर्ज घेतलेला तरुण, आणि बहुधा त्याची बायकोही, ते फिटेपर्यंत मालकाकडे राबत. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. कर्ज कधी फिटायचे ते मालकाच्या वहीवर अवलंबून असे. १९४५ पासून गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या साथीने वारल्यांनी या प्रथेविरुद्ध जो लढा उभारला त्यामुळे ती मोडली. त्याआधीच्या शतकात १८५५ चा संथाळांचा उठाव, सह्याद्रीत महादेव कोळ्यांचे नेतृत्व करणारे आणि १८४८ मध्ये ठाण्यात फाशी गेलेले राघोजी भांगरे, १८५८ मध्ये चांद्यात (आजचे चंद्रपूर) फाशी गेलेले बाबूराव शेडमाके आणि १९०० मध्ये रांचीच्या तुरुंगात वयाच्या पंचविसाव्या वर्षी मरण पावलेले बिरसा मुंडा या सर्वांच्या लढ्यांच्या मुळाशी जमीन, जंगल, सावकारी आणि परकी सत्ता यांचेच प्रश्न होते. बिरसांच्या उलगुलान या उठावानंतर १९०८ मध्ये छोटा नागपूर कुळकायदा आला आणि आदिवासी जमीन बाहेरच्यांकडे जाण्यावर बंधने आली. महाराष्ट्रात तसाच बंदोबस्त बऱ्याच उशिरा झाला : १९७४ च्या कायद्यांनी १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगरआदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत करण्याची तरतूद केली आणि पुढील हस्तांतरांसाठी शासनाची परवानगी आवश्यक केली.

स्वातंत्र्यानंतर विस्थापनाचा नवा अध्याय सुरू झाला. धरणांसाठी योग्य दऱ्या, लोहखनिज आणि बॉक्साइटचे डोंगर, दाट जंगले हे सगळे बहुतांश आदिवासी प्रदेशात आहे. त्यामुळे लोकसंख्येत सुमारे आठ-नऊ टक्के असलेल्या समाजाचा प्रकल्पांमुळे विस्थापित झालेल्यांतील वाटा अभ्यासकांच्या अंदाजानुसार ४० टक्क्यांच्या आसपास जातो. सरदार सरोवरात महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली, ती सर्व आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील होती, आणि त्यांपैकी मणिबेली हे पाण्याला सर्वांत आधी भिडलेले गाव होते. पुनर्वसनात आदिवासी का हरतो, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. नुकसानभरपाई सातबाऱ्यावरील क्षेत्राची मिळते. परंतु कुटुंब ज्या वनजमिनीवर पिढ्यान्पिढ्या शेती करत होते तिचा कागदच नव्हता. नदीतील मासे, जंगलातील मोह, चराऊ कुरण, पुरलेल्या पूर्वजांची जागा यांचे मूल्यमापन कोणत्याही तक्त्यात नव्हते. एकाच खोऱ्यात राहणाऱ्या भाऊबंदांची घरे वेगवेगळ्या वसाहतींत गेली, तेव्हा लाहासारखी परस्परांच्या श्रमावर चालणारी व्यवस्थाही मोडली, आणि जी गोष्ट पूर्वी एका जेवणावर होत होती तिच्यासाठी पैसा लागू लागला.

जमीन अपुरी आणि जंगलात जाण्यावर बंधने, म्हणून स्थलांतर वाढले. कोकणातील कातकरी हे याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण आहे. खैराच्या लाकडापासून कात काढणे हा त्यांचा जुना व्यवसाय जंगलबंदीमुळे संपला. अनेक कातकरी वाड्यांच्या घराखालची जमीनही त्यांच्या नावावर नाही, ती एखाद्या खासगी मालकाची असते. पावसाळ्यात हाताला काम नसते आणि धान्य संपते, तेव्हा वीटभट्टीचा किंवा कोळसाभट्टीचा मालक काही हजार रुपये उचल देतो. दिवाळीनंतर कुटुंब भट्टीवर जाते, तिथे पतीपत्नी मिळून काम करतात, आठवड्याला खर्चीपुरते पैसे मिळतात, आणि हंगामाच्या शेवटी हिशेब मालकाच्या वहीत होतो. उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मालकाकडे यावे लागते. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी संपूर्णपणे बेकायदा ठरवली आहे, आणि आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाला काम सोडून जाण्याचे स्वातंत्र्य नसणे हे त्या कायद्याच्या व्याख्येत स्पष्टपणे बसते. तरीही पालघर, ठाणे आणि रायगड या जिल्ह्यांत अशा कुटुंबांची मुक्तता करण्याची प्रकरणे वारंवार समोर येतात. भट्टीवर गेलेल्या मुलांची शाळा आणि लहान बाळांची लस सहा-सात महिने बुडते.

कुपोषणाचा प्रश्नही इथूनच सुरू होतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी आणि अमरावती जिल्ह्यातील मेळघाट येथील बालमृत्यूंनी राज्य हादरले. तेव्हापासून ‘मेळघाट’ हा शब्द कुपोषणाचा पर्याय झाला, ही कोरकू समाजासाठी अन्यायाची गोष्ट आहे. मूल केवळ अन्न नाही म्हणून दगावत नाही. जून ते सप्टेंबर हे घरातील धान्य संपण्याचे महिने असतात, त्याच काळात हिवताप, अतिसार आणि न्यूमोनिया वाढतो, ओढे भरल्याने वाटा बंद होतात, आई शेतात किंवा मजुरीला असते, आणि आधीच कमी वजनाचे बाळ एका साध्या तापात जाते. त्या बाळाचे वजन कमी का, तर आईचे लग्न लवकर झालेले, गरोदरपणात तिला पुरेसे अन्न नाही आणि रक्त कमी. नागली, वरई, कडधान्ये आणि रानभाज्यांच्या जागी केवळ रेशनचा तांदूळ-गहू आला, हेही या साखळीतील एक कडी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशात हजार जन्मांमागे पाच वर्षांखालील सुमारे ४२ मुले दगावत होती, आणि अनुसूचित जमातींत सुमारे ५०.

या बाबतीत गडचिरोलीत एक महत्त्वाचे काम झाले. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच थोड्या शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले : बाळाला ऊब देणे, वजन करणे, श्वास गुदमरलेल्या बाळाला मदत करणे, जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे. तीन वर्षांत नवजात बालकांचा मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला, आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे आशा कार्यकर्तींमार्फत घरोघरी नवजात बालकाची काळजी घेण्याचा देशव्यापी कार्यक्रम याच पद्धतीवर आधारला गेला. दवाखाना पोहोचत नाही तिथे गावातील माणसाला ज्ञान आणि अधिकार दिला, तर काय होते, याचा हा पुरावा आहे. राज्य सरकारने २०१५ मध्ये सुरू केलेल्या अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक पूर्ण गरम जेवण देण्याची कल्पना योग्य आहे. ती टिकते किंवा कोलमडते ती अंगणवाडीला मिळणारा निधी वेळेवर येतो की नाही यावर.

आरोग्याचा आणखी एक प्रश्न थोडा सविस्तर सांगायला हवा, कारण त्याबद्दल भीती जास्त आणि माहिती कमी आहे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. त्यात तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी झाल्यावर विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना, रक्तक्षय, वारंवार संसर्ग होतात. दोष एकाच पालकाकडून आला तर माणूस वाहक असतो, तो बहुधा निरोगी जगतो. दोघांकडून आला तरच आजार होतो. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक असण्यामुळे हिवतापाच्या गंभीर स्वरूपापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, म्हणून हिवतापाच्या जंगलपट्ट्यात हजारो वर्षांत हा दोष टिकून राहिला. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, अमरावती या जिल्ह्यांत तो आढळतो. केंद्राने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली आणि २०४७ चे लक्ष्य ठेवले. तपासणी सोपी आहे. औषधांमुळे वेदनेचे झटके कमी होतात. कठीण आहे ते वाहक असल्याचे कार्ड हातात मिळालेल्या मुलीचे लग्न मोडणार नाही असा समज गावात रुजवणे.

शिक्षणात प्रगती झाली हे मान्य केले पाहिजे. १९६१ मध्ये अनुसूचित जमातींतील साक्षरता साडेआठ टक्के होती, ती २०११ मध्ये ५९ टक्क्यांवर आली; मात्र त्याच वर्षी देशाची सरासरी ७३ होती. महाराष्ट्रात सुमारे पाचशे शासकीय आणि त्याहून थोड्या जास्त अनुदानित आश्रमशाळा आहेत. विखुरलेल्या पाड्यांतील मुलांसाठी या शाळांनी दार उघडले, आणि आज अधिकारी, डॉक्टर, शिक्षक असलेल्या पहिल्या पिढीतील बहुतेकांचे शिक्षण तिथेच झाले. पण सहा वर्षांचे माडिया किंवा कोरकू मूल पहिलीच्या वर्गात बसते तेव्हा शिक्षक आणि पुस्तक दोन्ही त्याला न समजणाऱ्या भाषेत बोलतात. त्याला बेरीज येत नाही असे नसते, ‘बेरीज’ हा शब्द त्याच्यासाठी नवा असतो. पहिली दोन वर्षे अशी गेली की ते मूल स्वतःला मंद समजू लागते, आणि सातवी-आठवीपर्यंत शाळा सुटते. २०११ मध्ये गोंडी बोलणारे सुमारे तीस लाख आणि भिली भाषासमूहातील एक कोटीहून अधिक लोक होते. संथाळी आणि बोडो यांचा २००३ च्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेतील भाषांच्या यादीत, म्हणजे आठव्या अनुसूचीत, समावेश झाला, गोंडी आणि भिली अजून बाहेर आहेत. आश्रमशाळांतील निवास, जेवण, आरोग्य आणि मुलींची सुरक्षितता यांविषयीच्या तक्रारी हा वेगळा आणि गंभीर विषय आहे.

आरक्षणाच्या संदर्भात महाराष्ट्रात एक खास प्रश्न आहे. नामसाधर्म्याचा फायदा घेऊन बिगरआदिवासींनी अनुसूचित जमातींची प्रमाणपत्रे मिळवली आणि राखीव जागांवर नोकऱ्या केल्या. ६ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरलेल्या प्रमाणपत्रावर मिळालेले लाभ टिकणार नाहीत असा निर्णय दिला. त्याची अंमलबजावणी मंद राहिली, आणि तेवढ्या जागा पात्र आदिवासी तरुणांपासून दूर राहिल्या.

या सगळ्यावर उपाय म्हणून जे दोन कायदे झाले ते वेगळ्या विचाराचे आहेत, म्हणून ते नीट समजून घ्यावेत. पहिला १९९६ चा पेसा, म्हणजे पंचायत व्यवस्था अनुसूचित क्षेत्रांना लागू करणारा कायदा. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील आदिवासीबहुल क्षेत्रे दहा राज्यांत आहेत. तिथे ग्रामसभेला गौण वनोपजावर (इमारती लाकूड सोडून जंगलातील इतर उत्पन्नावर) मालकी, जमीन हस्तांतर रोखण्याचा, सावकारीवर नियंत्रणाचा आणि दारूबाबत निर्णय घेण्याचा अधिकार या कायद्याने मान्य केला. महत्त्वाचे म्हणजे यात गाव याचा अर्थ महसुली गाव असा नाही, तर आपापले व्यवहार परंपरेने चालवणारी वस्ती, म्हणजे पाडा, वाडी, पोड किंवा टोला असा आहे. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. दुसरा २००६ चा वनहक्क कायदा. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर कुटुंबाला ४ हेक्टरच्या मर्यादेत हक्क आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गावाला आपल्या पारंपरिक हद्दीतील जंगलाचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा सामूहिक हक्क यात आहे.

सामूहिक हक्काने काय बदलते ते गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने दाखवले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा देणाऱ्या या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. हक्क मिळाल्यानंतरही बांबू विकण्यासाठी वाहतूक परवाना देण्यास वनविभाग तयार नव्हता, कारण त्याच्या मते बांबू हे झाड होते, तर वनहक्क कायद्याच्या मते ते गौण वनोपज आहे. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवाना पुस्तिका ग्रामसभेच्या हाती आली. तेव्हापासून बांबूचा लिलाव, मजुरी, शिल्लक रकमेचा विनियोग आणि पुन्हा लागवड याचे निर्णय गाव घेते. अमरावती जिल्ह्यातील पायविहीर या गावाने उजाड टेकड्यांवर हक्क मिळवून जंगल वाढवले आणि सीताफळांची विक्री स्वतः सुरू केली. ओडिशातील नियमगिरीत, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानुसार डोंगरिया कोंध समाजाच्या बारा ग्रामसभा झाल्या आणि बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटची खाण नाकारली.

मात्र देशभर दाखल झालेल्या दाव्यांपैकी जवळपास निम्मेच मंजूर झाले आहेत. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला आणि लाखो कुटुंबे एका रात्रीत धोक्यात आली. २८ फेब्रुवारीला त्या आदेशाला स्थगिती मिळाली. दावे फेटाळण्याची कारणे पाहिली तर बहुधा लेखी पुरावा नाही असे म्हटलेले असते, जेव्हा नियमांतच वडीलधाऱ्यांचे निवेदन, विहिरी, स्मशाने आणि देवस्थाने हे पुरावे म्हणून ग्राह्य धरले आहेत. दाव्यांवर अंतिम निर्णय देणाऱ्या जिल्हास्तरीय समितीच्या निर्णयाविरुद्ध अपील करण्याची सोय मूळ कायद्यात नव्हती. महाराष्ट्रात पाचव्या अनुसूचीतील अधिकार वापरून राज्यपालांनी २०२० मध्ये ती अनुसूचित क्षेत्रांसाठी निर्माण केली आणि विभागीय पातळीवर समित्या नेमल्या. त्यामुळे ज्या कुटुंबाचा दावा फेटाळला गेला आहे त्याने फेटाळल्याचा लेखी, कारणांसह आदेश मागून घेणे, ग्रामसभेचा मूळ ठराव आणि मोजणीचा नकाशा जपून ठेवणे आणि विहित मुदतीत अपील करणे, एवढे तरी करायला हवे. आदेश लेखी मिळाला नसेल, तर तो मिळेपर्यंत त्या जमिनीवरून कुटुंबाला हटवता येत नाही, कारण पडताळणी पूर्ण झाल्याशिवाय कोणालाही बेदखल करू नये असे याच कायद्याच्या चौथ्या कलमात म्हटले आहे.